शांतारामबापूंनी काय वगळलं, तेही ऐका

प्रश्न एका तरुण दिग्दर्शकाचा आहे. थोडक्यात असा: 'व्ही. शांताराम यांचं नाव सगळेच आदरानं घेतात. मी "नवरंग" आणि "पिंजरा" पाहिले. रंग, नाच, मोठमोठे हावभाव यांपलीकडे मला फारसं काही दिसलं नाही. त्यांचा एवढा प्रभाव नेमका कशामुळे? आणि आज सिनेमा करणाऱ्यानं त्यांच्याकडून काय घ्यायचं?'

मी तीस वर्षांहून जास्त काळ चित्रपटाच्या ध्वनीचं काम करतो आहे. आधी बूम, म्हणजे माइकची लांब काठी, धरली, मग ध्वनिमुद्रण केलं, आता आवाजांचं संयोजन करतो. त्यामुळे माझं उत्तर कानापासून सुरू होतं. समीक्षकानं कदाचित दुसरीकडून सुरुवात केली असती.

तुम्ही बापूंना उलट्या टोकाकडून भेटलात. आधी 'कुंकू' पाहा. 1937चा, प्रभात फिल्म कंपनीचा. हिंदीत तोच 'दुनिया न माने'. ना. ह. आपट्यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवर तो बेतला आहे. नीरा नावाची तरुण मुलगी मामाच्या घरी वाढते, आणि फसवून तिचं लग्न एका म्हाताऱ्या विधुर वकिलाशी लावलं जातं. हे लग्न मी मानत नाही, असं ती त्याला सरळ सांगते आणि शेवटपर्यंत त्यापासून हलत नाही. नीरा शांता आपटे, काकासाहेब केशवराव दाते. गोष्ट एवढीच. पण हा चित्रपट मी पहिल्यांदा नीट ऐकला, तेव्हा माझ्या धंद्याबद्दलच्या माझ्या बऱ्याच समजुती मोडल्या.

कारण 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीत नाही. गाणी आहेत, पण प्रसंगाखालून वाहणारं वाद्यसंगीत नाही. जे ऐकू येतं ते त्या घरातलं, त्या रस्त्यावरचं. भिंतीवरचं घड्याळ, घरातली खुडबूड, ग्रामोफोन. नीराच्या गाण्याला साथ लागते तेव्हा ती तबकडीतून येते. दारावर आलेला भिकारी गातो तेव्हा तो समोर दिसतो. प्रत्येक आवाजाला पडद्यावर घर आहे.

हे 1937मध्ये किती धाडसाचं होतं ते लक्षात घ्या. मराठी बोलपट जेमतेम पाच वर्षांचा होता. प्रेक्षक संगीत नाटकावर वाढलेला. तिकीट काढायचं ते गाणं ऐकायला, आणि एकेका बोलपटात गाण्यांची रास असायची. प्रभातकडे केशवराव भोळ्यांसारखा संगीतकार होता. वाद्यवृंद नव्हता म्हणून वगळला, असं काही नव्हतं. असूनही वगळला.

त्याचा परिणाम बघा. प्रसंगाखाली संगीत असलं की प्रेक्षकाला कुणीतरी हाताला धरून नेत असतं: इथे घाबरा, इथे रडा. नीराला असं कुणी नाही. मामानं विकलं, सासरी कुणी ओळखीचं नाही. मग संगीतानं तरी तिची बाजू का घ्यावी? तिच्याबरोबर आपणही त्या घरात एकटे बसतो आणि घड्याळ ऐकतो. तीच टिकटिक काकासाहेबांच्या कानात शिरते तेव्हा तिचा अर्थ बदलतो. मिशा काळ्या करून वय लपवणाऱ्या माणसाला ते घड्याळ त्याचं वयच सांगत असतं. एकच आवाज, दोन माणसं, दोन अर्थ. यासाठी वेगळी सुरावट लागली नाही.

मी उमेदवारी करत होतो तेव्हाची गोष्ट. एका कौटुंबिक चित्रपटाच्या मिक्सिंगला आई-मुलाच्या भांडणाचा एक प्रसंग होता. सारंगी, व्हायोलिन, सगळं भरलेलं. आमच्या ज्येष्ठ मुद्रकांनी काही न बोलता संगीताचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी, पूर्ण खाली ओढला. खोलीत पंखा फिरत होता आणि आई ताट पुसत होती, तेवढंच उरलं. पुसण्याचा आवाज हळूहळू वाढत गेला, कारण ती जोर लावत होती. संवादात नसलेला राग त्या ताटात होता. दिग्दर्शकांना ते पटलं नाही आणि संगीत परत आलं. घरी जाताना ज्येष्ठ एवढंच म्हणाले, 'कुंकू बघ.' तो सल्ला आज मी तुम्हाला देतो आहे.

हे धाडस बापूंमध्ये आलं कुठून, हे समजायला त्यांचं आयुष्य थोडं पाहावं लागतं. शांताराम राजाराम वणकुद्रे, जन्म 18 नोव्हेंबर 1901, कोल्हापूर. वडील जैन, आई हिंदू. शाळा फार झाली नाही. लहानपणी गंधर्व नाटक मंडळीत छोटी कामं केली, मग हुबळीला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये राबले, तिथेच एका पत्र्याच्या सिनेमाघरात दारावरही उभे राहिले. दिवसा यंत्र आणि रात्री पडदा. पुढे कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत शिरले, आणि खरं शिक्षण तिथे झालं.

बाबूराव पेंटर म्हणजे नाटकाचे पडदे रंगवणारा, मूर्ती घडवणारा आणि स्वतःचा कॅमेरा स्वतः जुळवणारा माणूस. त्यांच्या कंपनीत 'हे माझं काम नाही' हे वाक्य नव्हतं. झाडू मारायचा, रसायनं ढवळायची, सेट ठोकायचा, फिल्म जोडायची आणि वेळ आली की तोंडाला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहायचं. शांताराम 'सुरेखाहरण'मध्ये कृष्ण झाले आणि 1925च्या 'सावकारी पाश'मध्ये जमीन गमावून शहराची वाट धरणारा शेतकरी झाले. 'सावकारी पाश'ची कथाही ना. ह. आपट्यांचीच. म्हणजे 'कुंकू'च्या बारा वर्षं आधी हा लेखक बापूंच्या आयुष्यात आला होता. त्या मूकपटातली अंधारी झोपडी आणि तिथे भुंकणारं कुत्रं ज्यांनी पाहिलं, त्यांच्या ते लक्षात राहिलं. मूकपटातलं कुत्रं. आवाज नसताना ऐकू आलेलं. मला वाटतं, ध्वनीचा पहिला धडा बापूंना असा मुक्यानं मिळाला असावा.

1927मध्ये 'नेताजी पालकर'नं ते दिग्दर्शक झाले. 1 जून 1929ला कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल, केशवराव धायबर, शांताराम, आणि पैशाची बाजू सांभाळणारे सीतारामपंत कुलकर्णी. पाच जणांतले चार पेंटरांच्या हाताखालचे. दामल्यांचा हात ध्वनियंत्रावर, फत्तेलालांचा कलादिग्दर्शनावर, धायबरांचा कॅमेऱ्यावर. मालक आणि कारागीर एकच असलेली ही कंपनी होती, आणि तिच्या चित्रपटांच्या घट्टपणाचं मला कळलेलं कारण तेच आहे. सेट कसा बांधला की आवाज घुमणार नाही, हे ठरवायला फत्तेलाल आणि दामले यांना बैठक बोलवावी लागत नसणार.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण विद्यार्थ्यांच्या तोंडून तो नेहमी ऐकतो. व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेलेला 'संत तुकाराम' शांतारामबापूंचा नाही. तो दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला. एकाच अंगणात दोन वेगळ्या वृत्ती नांदत होत्या. दामले-फत्तेलालांचा कॅमेरा शांत बसून बघतो, बापूंचा पुढे सरसावतो. दोन्ही लागोपाठ पाहिलेत तर दिग्दर्शन म्हणजे काय हे कुठल्याही व्याख्यानापेक्षा लवकर कळेल.

6 फेब्रुवारी 1932ला प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. मराठीतला पहिला बोलपट. गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र, दुर्गा खोटे तारामती. तेव्हा पार्श्वगायन रुळलेलं नव्हतं. नट कॅमेऱ्यासमोर खरंच गायचा, साथीदार चौकटीबाहेर लपून वाजवायचे, आणि मायक्रोफोन एकाच वेळी सगळ्यांचं सांभाळायचा. नटानं मान वळवली तरी आवाज पडायचा. त्यात प्रभातचे चित्रपट मराठी आणि हिंदी असे दोनदा व्हायचे. त्याच सेटवर एक शॉट मराठीत, मग तोच हिंदीत. प्रत्येक शॉट दोनदा विचारात घ्यायचा आणि वाया घालवायला फिल्म नाही. अशा शिस्तीत माणसाला एकेका गोष्टीची किंमत कळते. आज कार्डवर चाळीस टेक घेणाऱ्यांना मी हे मुद्दाम सांगतो.

बापूंना अपयशही कमी आलं नाही. 1933चा 'सैरंध्री' रंगीत करायचा म्हणून ते जर्मनीला गेले, तिथे प्रती काढल्या आणि रंग मनासारखे उतरले नाहीत. पैसा गेला. पण तिथल्या स्टुडिओंमध्ये त्यांनी प्रकाशाचं काम पाहिलं. परतल्यावर, कंपनी पुण्यात आल्यानंतरचा पहिला चित्रपट 'अमृतमंथन', 1934. त्यातला राजगुरूचा डोळा पाहा. हिंदी आवृत्तीत चंद्रमोहन आहेत. लांब पल्ल्याची लेन्स लावून पडदाभर एकच डोळा दाखवला आहे. आपल्याकडे तेव्हा नटाला पूर्ण उभा दाखवणं ही रीत होती, रंगभूमीवरून आलेली. बापूंनी शरीर वगळलं, पोशाख वगळला, चेहरासुद्धा वगळला, आणि धर्माच्या नावानं माणसं मारणाऱ्या सत्तेची सगळी भीती एका बुबुळात ठेवली. रंग हातून निसटला आणि काळोख हाती लागला.

माझं म्हणणं आता तुमच्या लक्षात आलं असेल. बापूंचे सर्वोत्तम चित्रपट ते आहेत जिथे त्यांनी हाताशी असलेलं एखादं हत्यार खाली ठेवलं. आणि ते ठेवू शकले, कारण प्रत्येक हत्यार त्यांनी स्वतः चालवलेलं होतं. ज्याला संगीत कळत नाही तो संगीत काढायला घाबरतो.

1939चा 'माणूस', हिंदी 'आदमी', या यादीत वरच येतो. गणपत हवालदार आणि मैना, वेश्यावस्तीत छाप्याच्या वेळी भेटलेले. प्रेमभंग झालेला नायक दारूत बुडून मरतो, हे चित्र तेव्हा देशभर गाजत होतं. बापूंनी ते सुख प्रेक्षकाला नाकारलं. मैना दूर जाते, गणपत खचतो, पण मरत नाही. कामावर परत जातो. शाहू मोडक आणि शांता हुबळीकर दोघंही जिथे गप्प राहतात तिथे चित्रपट सगळ्यात जास्त बोलतो. 'कशाला उद्याची बात' सगळ्यांना पाठ आहे. तुम्ही गाणं संपल्यानंतरचे चेहरे पाहा.

1941चा 'शेजारी' मी नेहमी 'पडोसी'बरोबर दाखवतो. हिंदू-मुसलमान मैत्रीची, आणि ती तोडून गावावर धरण लादणाऱ्या पैशाची गोष्ट. हिंदीत हिंदू म्हातारा मझहर खान यांनी केला आणि मुसलमान म्हातारा गजानन जागीरदारांनी. या निवडीबद्दल पडद्यावर एक शब्दही नाही. पात्रयोजनेनंच भाषण केलं, म्हणून दुसऱ्या भाषणाची गरज उरली नाही. पुढच्या काळात बापूंना हे नेहमी जमलं नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

1942मध्ये ते प्रभातमधून बाहेर पडले आणि मुंबईत परळला राजकमल कलामंदिर उभं केलं. राज वडिलांच्या नावातला, कमल आईचं नाव. पहिल्याच 'शकुंतला'नं मुंबईत 104 आठवडे मुक्काम ठोकला. 1946ला 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' आला. सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये युद्धातल्या जखमींची सेवा करताना 1942मध्ये गेले, आणि चार वर्षांत त्यांच्यावर चित्रपट तयार. कोटणीस स्वतः बापूंनीच केले. 'लोकशाहीर रामजोशी', 'दहेज', 'अमर भूपाळी', मग 1955चा टेक्निकलरमधला 'झनक झनक पायल बाजे'. यशाला तोटा नव्हता. पण अंगणातले दामले-फत्तेलाल आता नव्हते. आता मालक एकच, शब्द एकच. 'हे नको' असं बरोबरीनं सांगणारं माणूस शेजारी नसलं की दिग्दर्शकाच्या चित्रपटात आवाज वाढत जातो. हा माझा तर्क आहे, पण मी तो अनेक दिग्दर्शकांच्या बाबतीत जवळून पाहिला आहे.

आणि तरीही, रंगानं एवढं यश दिल्यावर दोनच वर्षांनी बापू काळ्या-पांढऱ्याकडे वळले. 'दो आँखें बारह हाथ', 1957. कथा ग. दि. माडगूळकरांची, मुळाशी औंध संस्थानातला खरा प्रयोग: आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची बिनभिंतींची कैद्यांची वसाहत. खुनाची शिक्षा भोगणारे सहा जण एका जेलरबरोबर माळरानावर राहतात आणि शेती करतात. जेलर आदिनाथ स्वतः बापू. इथे रंग असता तर हिरवं शेत आलं की डोळा सुखावला असता आणि प्रश्न सुटल्यासारखा वाटला असता. काळ्या-पांढऱ्यात माती मातीच राहते, आणि सहा माणसांचे हात त्या मातीतून वेगळे काढता येत नाहीत. चित्रपटाच्या नावातले डोळे आणि हात खरोखरच पडद्यावर काम करतात: कैदी पळायला निघतात आणि जेलरची नजर त्यांना थांबवते. कुलूप नाही, बंदूक नाही.

या चित्रपटाला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं आणि 1958च्या बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल. पण बैलाशी झुंजण्याचं दृश्य करताना बापूंच्या डोळ्यांना मोठी इजा झाली. बरेच दिवस डोळ्यांवर पट्ट्या, अंधार, दृष्टी राहते की जाते याची धास्ती. त्यानंतर आला तो तुमचा 'नवरंग', 1959.

म्हणून 'नवरंग'कडे एवढ्यापुरतं तरी प्रेमानं पाहा. अंधारातून परतलेल्या माणसानं भरलेले ते रंग आहेत. तो मलाही फार आवडत नाही. हावभाव मोठे आहेत हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, नायिका संध्याबाईंच्या नृत्यांची कॅमेऱ्याला एवढी ओढ आहे की गोष्ट बाजूला पडते. पण त्यातली हौस खोटी नाही.

'पिंजरा'च्या बाबतीत मात्र मी तुमच्याशी भांडेन. 1972चा चित्रपट, बापूंचं वय सत्तर. राम कदमांचं संगीत आणि खेबुडकरांच्या लावण्या इतक्या कानात बसल्या आहेत की खालचा सांगाडा कुणी बघत नाही. आदर्श गुरुजी तमाशातल्या बाईच्या नादानं घसरतात, गावाला वाटतं गुरुजींचा खून झाला, गाव त्यांचा पुतळा उभारतं, आणि शेवटी फडात हरकाम्या झालेल्या गुरुजींनाच गुरुजींच्या खुनासाठी शिक्षा होते. माणूस स्वतःच्या खुनाचा आरोपी, आणि सुटायचं तर पुतळा पाडावा लागेल. ही कल्पना जगातल्या कुठल्याही मोठ्या दिग्दर्शकानं अभिमानानं मिरवावी अशी आहे. पुन्हा पाहाल तेव्हा लावण्या चालू असताना गुरुजी झालेल्या डॉ. श्रीराम लागूंची पाठ बघा. सुरुवातीला ती काठीसारखी ताठ आहे. ती कुठल्या प्रसंगापासून वाकते, ते शोधा. मी दर वेळी वेगळ्या जागी बोट ठेवतो.

प्रभावाचं विचारलंत. 1985चा दादासाहेब फाळके पुरस्कार आणि 1990मधल्या निधनानंतर 1992मध्ये मिळालेलं पद्मविभूषण हा झाला मान. प्रभाव वेगळा. प्रभातच्या पुण्यातल्या जागेवर 1960मध्ये चित्रपट संस्था उभी राहिली, आणि देशातले कितीतरी मुद्रक, संकलक, छायालेखक बापूंच्याच स्टुडिओच्या भिंतींमध्ये शिकले. शिवाय लग्न, हुंडा, जात-धर्म, तुरुंग हे विषय गर्दी खेचणाऱ्या चित्रपटाचे असू शकतात, हे त्यांनी तिकीटबारीवर सिद्ध केलं. आज सामाजिक विषय घेऊन निर्मात्याकडे जाणारा प्रत्येक जण त्या वाटेनं चालतो, त्याला माहीत असो वा नसो.

आता तुमच्या कामापुरतं. तुमच्या चालू चित्रपटातला सगळ्यात जड प्रसंग काढा आणि संगीताचा ट्रॅक बंद करून पाहा. प्रसंग कोसळला तर तो संगीतानं उभा केलेला होता. लिहायला परत बसा. उभा राहिला तर त्या खोलीत आणखी काय वाजतं ते ऐका आणि त्यातला एकच आवाज निवडा, दोन नको. तो आवाज कुणाचा आहे हे ठरवा. 'कुंकू'तलं घड्याळ नीराचं आहे तेवढंच काकासाहेबांचं आहे, म्हणून ते पुरतं.

आणि 'कुंकू' पाहताना एक करा. पहिल्यांदा नेहमीसारखा पाहा. दुसऱ्यांदा अर्धा तास पडद्याकडे पाठ करून बसा. प्रत जुनी आहे, खरखर येईल, पहिली पाच मिनिटं त्रास होईल. मग खरखर मागे जाते आणि घर ऐकू यायला लागतं. कोण कुठल्या खोलीत आहे ते कळतं. तेवढं झालं की मला पुन्हा लिहा, 'माणूस'बद्दल बरंच बोलायचं राहिलं आहे.